आर्ची जिंकला की हरला?

१२ जानेवारी १९७१ च्या रात्री अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीने जादा टेलिफोन ऑपरेटर बसवून ठेवले होते. साडेनऊला एक नवी विनोदी मालिका सुरू व्हायची होती आणि ती संपायच्या आत देशभरातून शिव्यांचा पाऊस पडणार, अशी वाहिनीच्या वरिष्ठांची खात्री होती. मालिका सुरू होण्याआधी पडद्यावर निवेदनही झळकले. आपल्या उणिवा, पूर्वग्रह आणि काळज्या यांच्याकडे विनोदाच्या अंगाने पाहण्याचा हा प्रयत्न आहे, अशा अर्थाचे. म्हणजे गुन्हा घडण्याआधीच हात जोडलेले. फोन आले, पण तयारीच्या मानाने फारच थोडे. लोकांना राग आला नव्हता. लोक हसत होते, आणि खरी पंचाईत तिथूनच सुरू झाली.

मालिकेचे नाव ‘ऑल इन द फॅमिली’. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातले ७०४ हाउझर स्ट्रीट हे घर. घरात आर्ची बंकर नावाचा मध्यमवयीन गोरा कामगार, मालधक्क्यावर राबणारा, दुसऱ्या महायुद्धात लढून आलेला. काळे, ज्यू, पोर्टोरिकन, समलिंगी, स्त्रीमुक्तीवाल्या बायका, लांब केसांची पोरे अशा सगळ्यांवर त्याचा राग. बायको ईडिथ भोळी. मुलगी ग्लोरिया आणि जावई माइक याच घरात राहतात. जावई पोलिश वंशाचा, समाजशास्त्र शिकणारा आणि व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात. सासऱ्याच्या ताटातले जेवायचे आणि सासऱ्यालाच राजकारण शिकवायचे, हा त्याचा दिनक्रम. घरजावयाची ही जात आपल्याला परकी नाही.

निर्माता नॉर्मन लिअर ज्यू घरातला. ब्रिटनमध्ये बीबीसीवर गाजलेल्या ‘टिल डेथ अस डू पार्ट’ या मालिकेवरून त्याने ही बेतली होती, पण आर्ची त्याला परदेशातून आणावा लागला नाही. तो त्याच्या लहानपणीच्या घरात होताच. लिअरचे वडील आर्चीसारखेच बोलत आणि बायकोला तोंड बंद ठेवायला सांगत. लिअर नऊ वर्षांचा असताना ते तुरुंगातही गेले. तरी लिअरचे त्यांच्यावर प्रेम होते. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची, कारण आर्चीमध्ये ती उतरली. तो दुष्ट नव्हता. घाबरलेला, थकलेला, जग आपल्या हातून निसटत चालल्याने चिडलेला माणूस होता. कॅरल ओ’कॉनर या नटाने तो इतका जिवंत केला की आर्ची चुकीचा आहे हे कळूनही त्याला सोडून द्यावेसे वाटेना. स्वतः ओ’कॉनर उदारमतवादी होता, आर्चीची मते त्याला अजिबात पटणारी नव्हती.

सुरुवातीला प्रेक्षक बेताचेच होते. उन्हाळ्यातल्या पुनःप्रक्षेपणांनी मालिका वर आली आणि मग सलग पाच वर्षे ती अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिली. १९७२ च्या निवडणुकीच्या वर्षात ‘आर्ची बंकर फॉर प्रेसिडेंट’ असे बिल्ले आणि टीशर्ट विकले गेले. हे बिल्ले लावणारे कोण होते? थट्टा म्हणून लावणारे होते, की मनापासून? बिल्ल्याकडे पाहून ते कळत नव्हते. माझ्या मते या प्रकरणाचा सगळा जीव त्या बिल्ल्यात आहे.

*

वादाला पहिले तोंड फोडले ते लॉरा हॉब्सन या लेखिकेने. अमेरिकेतल्या सभ्य, सुशिक्षित ज्यूद्वेषावर १९४७ साली गाजलेली कादंबरी तिनेच लिहिली होती. सप्टेंबर १९७१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये तिने विचारले की आर्ची खऱ्या आयुष्यातल्या वर्णद्वेष्ट्यांसारखा बोलतो तरी का? तिचे म्हणणे असे की जे शब्द ऐकून अंगावर काटा येईल ते मालिकेने गाळले आणि मवाळ शिव्या ठेवल्या. द्वेष धुऊन, इस्त्री करून लोकांसमोर मांडला आणि द्वेष्टा माणूस प्रेमळ करून टाकला. लिअरने त्याच वृत्तपत्रात उत्तर दिले. त्याचा मुद्दा असा की द्वेष राक्षसांमध्ये सापडत नाही, आपल्या बापात, काकात, शेजाऱ्यात सापडतो, आणि तो तिथेच दाखवायला हवा.

दोघांचेही खरे होते. म्हणूनच हा वाद अजून संपलेला नाही.

त्याआधीच एका फार मोठ्या प्रेक्षकाचे मतही टेपवर नोंदले गेले होते, अर्थात ते जगाला खूप उशिरा कळले. १३ मे १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन आपल्या कार्यालयात हॉल्डमन आणि अर्लिकमन या सहकाऱ्यांना टीव्हीवर पाहिलेली एक गोष्ट सांगत होते. ज्या भागात आर्चीच्या दारूच्या गुत्त्यावरचा धिप्पाड, माजी फुटबॉलपटू मित्र समलिंगी निघतो, तो भाग. निक्सन संतापले होते. समलैंगिकतेचा गौरव केला आणि साध्यासरळ कष्टकरी माणसाला मूर्ख ठरवले, ही त्यांची तक्रार. पुढे प्राचीन ग्रीस आणि रोम कसे बुडाले इथपर्यंत गाडी गेली. अर्ध्या तासाच्या विनोदी मालिकेवरून साम्राज्यांच्या अस्तापर्यंत पोचायला त्यांना काही मिनिटे पुरली. आपल्याकडे रात्रीच्या जेवणानंतर ज्या गप्पा होतात त्यांच्यात आणि यात फरक इतकाच की तिथे टेप चालू होती.

गंमत पाहा. हॉब्सनला वाटत होते की मालिका आर्चीची बाजू घेते, तर निक्सनना वाटत होते की ती त्याची बदनामी करते.

*

नील विडमार आणि मिल्टन रोकीच या दोन मानसशास्त्रज्ञांनी हा प्रश्न वादातून काढून प्रश्नावलीत आणला. त्यांचा अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतल्या एका छोट्या गावातले २३७ किशोरवयीन विद्यार्थी आणि कॅनडातले १३० प्रौढ त्यांनी निवडले. आधी प्रत्येकाच्या मनात पूर्वग्रह किती आहेत ते मोजले, मग मालिकेविषयी साधे प्रश्न विचारले. तुम्हाला जास्त कोण आवडतो, आर्ची की माइक? कोणाचे बोलणे जास्त पटते? भागाच्या शेवटी जिंकतो कोण?

मालिका आवडण्यात फरक नव्हता. पूर्वग्रह कमी असलेले आणि जास्त असलेले सारख्याच खुशीने हसत होते. फरक होता तो ते काय पाहत होते यात. ज्यांचे पूर्वग्रह जास्त, त्यांना आर्चीबद्दल जास्त आदर होता, त्याचे बोलणे पटत होते आणि शेवटी तोच जिंकतो असे दिसत होते. लिअरने वर्णद्वेषासमोर आरसा धरला होता. त्या आरशात काहींना आपला चेहरा दिसला आणि तो त्यांना छान वाटला. अशी मालिका पूर्वग्रह कमी करण्याऐवजी घट्ट करत असेल, असा इशारा या दोघांनी दिला.

ब्रिटनमधल्या मूळ मालिकेतही हेच झाले होते. आल्फ गार्नेट हा लंडनच्या ईस्ट एंडमधला बडबड्या वर्णद्वेष्टा वॉरन मिचेल या ज्यू नटाने रंगवला होता. मिचेल सांगत असे की रस्त्यात लोक थांबवून काळ्यांना झोडपल्याबद्दल त्याचे कौतुक करत आणि मग त्याला त्यांना समजावावे लागे की बाबांनो, आम्ही तुम्हालाच झोडपतोय.

नटाला हे समजावत फिरावे लागते, हे मराठी माणसाला नवे नाही. निळू फुले सेवादलात घडलेले, आयुष्यभर सामाजिक चळवळींत वावरलेले. तरी पडद्यावर त्यांनी रंगवलेल्या लंपट पाटलामुळे खेडोपाडीच्या बायका त्यांना पाहून पदर सावरत. त्या बायकांना तो पाटील पडद्यावर नीट कळला होता. तो काय आहे हे त्यांना सांगावे लागले नाही, कारण असे वाडे त्यांच्या गावात होते. पुढच्या पिढीने त्याच पाटलाच्या तोंडी घातलेले ‘बाई वाड्यावर या’ हे वाक्य मोबाईलवरच्या स्टिकरांवर चढवले. वाडा गेला, भीती गेली, आणि लंपट सरंजामदार गमतीशीर काका होऊन बसला. एकाच पात्राचे हे दोन जन्म पाहिले की आर्चीचे काय झाले ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

*

विडमार-रोकीच यांचा शोध विद्यापीठांच्या कपाटात पडून राहिला नाही. काही वर्षांनी तो भारतात आला, तोही दूरदर्शनच्या दारातून.

मेक्सिकोतल्या मिगेल साबिदो या निर्मात्याने १९७५ पासून समाजशिक्षणाच्या मालिका काढायला सुरुवात केली होती. त्यांची घडण नेमकी होती. एक चांगले पात्र, एक वाईट पात्र आणि मधे हेलकावे खाणारे तिसरे. चांगल्याला बक्षीस, वाईटाला शिक्षा, आणि भागाच्या शेवटी कोणीतरी नावाजलेला माणूस येऊन दोन शब्द सांगणार. माहिती आणि प्रसारण खात्याचे सचिव एस. एस. गिल मेक्सिकोला जाऊन हे पाहून आले. ७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ सुरू झाली. लेखक मनोहर श्याम जोशी, आणि शेवटी दोन शब्द सांगायला अशोककुमार, म्हणजे सगळ्या देशाचे दादामुनी.

आमच्या वाड्यात तेव्हा एकच टीव्ही होता, तोही मालकांकडे. शटरचा, लाकडी कपाटातला. ‘हम लोग’ लागले की मालकीणबाई शटर सरकवत आणि सारा वाडा सतरंजीवर. मालिका पंचवीसेक मिनिटांची, पण चर्चा झोपेपर्यंत चाले. मला आठवते ती चर्चाच जास्त.

या मालिकेतली भागवंती ही आई. नवरा बसेसर राम दारुडा, सासू खाष्ट. ही बिचारी सगळे सोसते, तोंडातून शब्द काढत नाही. लेखकांच्या हिशेबात ती वाईट उदाहरण होती, बाईने असे राहू नये हे दाखवण्यासाठी उभी केलेली. तिच्या हालांतून प्रेक्षकांनी धडा घ्यायचा होता.

प्रेक्षकांनी भलताच धडा घेतला. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी पुढे या मालिकेचा सविस्तर अभ्यास केला, तेव्हा भागवंती अनेकांना आदर्श वाटत असल्याचे दिसून आले. घर टिकवणारी, सहनशील, खरी भारतीय स्त्री. तिने बंड करावे असे वाटणारे प्रेक्षक होते, तसेच तिच्यासारखी सून मिळावी म्हणणारेही होते. आमच्या सतरंजीवरही तीच फूट होती. मालकीणबाई भागवंतीच्या बाजूने, त्यांची शिक्षिका असलेली सून एक अक्षर बोलत नसे, फक्त शटर जरा जोरात लावायची.

वाईट म्हणून रचलेल्या पात्राला प्रेक्षकांनी आपले म्हणावे, या प्रकाराला या क्षेत्रातल्या अभ्यासकांनी नाव दिले आहे: ‘आर्ची बंकर इफेक्ट’. क्वीन्समधला तो मालधक्क्यावरचा कामगार आणि उत्तर भारतातल्या निम्नमध्यमवर्गीय घरातली ती मुकी आई, दोघे एकाच शब्दकोशात एका नोंदीखाली शेजारी बसले.

‘हम लोग’चे १५६ भाग झाले आणि त्या काळात दूरदर्शनला आणि कलाकारांना मिळून चार लाखांच्या आसपास पत्रे आली. चार लाख! पोस्टकार्ड, आंतर्देशीय, वहीचे फाडलेले कागद. लोक पात्रांना सल्ले देत, लग्न जमवा म्हणत, याला घराबाहेर काढा म्हणत. मालिकेवरच्या गप्पा मोबाईल आल्यावर सुरू झाल्या असे ज्यांना वाटते त्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. फरक असा की ही पत्रे लिहिणाऱ्यांना एकमेकांची पत्रे वाचता येत नव्हती. मालकीणबाईंसारखा विचार करणाऱ्या किती जणी देशात आहेत, हे मालकीणबाईंना कधी कळले नाही.

*

आता ते कळते, दर मिनिटाला कळते. या एका बदलाचे परिणाम मात्र बरेच खोल आहेत.

‘ब्रेकिंग बॅड’ ही अमेरिकी मालिका २००८ ते २०१३ या काळात चालली. रसायनशास्त्राचा शिक्षक कॅन्सर झाल्यावर अमली पदार्थ बनवू लागतो, खोटे बोलतो, खून पाडतो. बायको स्कायलर त्याला अडवू पाहते. चिडलेले प्रेक्षक कोणावर चिडले असतील? बायकोवर. तिच्या द्वेषासाठी फेसबुकवर स्वतंत्र पाने निघाली आणि हजारोंनी ती पसंत केली. ती नवऱ्याच्या आड येते, हाच तिचा गुन्हा. पुढे हा राग पात्र सोडून थेट नटीवर गेला. अॅना गन हिने ऑगस्ट २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून सांगितले की कोणीतरी तिचा पत्ता विचारत होता, तिला मारता यावे म्हणून. तिच्या मते हा राग स्कायलरपेक्षा बायकांविषयीच्या लोकांच्या कल्पनांबद्दल जास्त सांगतो. मला ते पटते. पण आणखी एक गोष्ट जाणवते. सतरंजीवर बसून स्कायलरला इतक्या शिव्या देता आल्या नसत्या. शेजारी आई बसलेली असते, बायको बसलेली असते, आणि कोणीतरी शटर जोरात लावते.

आपल्याकडे ‘माझ्या नवऱ्याची बायको’ साडेचार वर्षे चालली. नागपूरची राधिका, तिचा फिरलेला नवरा गुरुनाथ आणि मधली शनाया. कागदावर मामला सरळ होता: बाहेरख्याली नवरा दोषी. घराघरांतल्या गप्पांमध्ये मात्र खटला राधिकेवरही चाले. ती जरा नीटनेटकी राहिली असती तर? इतकी साधी राहिली म्हणूनच ना? शनायावर मीम, राधिकेवर मीम, आणि गुरुनाथ त्या मानाने स्वस्तात सुटलेला. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘राजकारण नको’ असा नियम असतो, तो सगळे पाळतातही. मग तेच राजकारण मालिकेच्या आडून येते. सुनेने नोकरी करावी का, पोटगी किती मागावी, गावाकडची बोली बोलणारी बाई पुण्यामुंबईच्या सोसायटीत हास्यास्पद का ठरते, हे सगळे प्रश्न ‘काल पाहिलंत का?’ने सुरू होतात आणि ‘जाऊ द्या, मालिकाच आहे’ने मिटतात. वाद घालायची आणि माघारीची अशी दोन्ही दारे उघडी ठेवणारी दुसरी सोय माझ्या माहितीत नाही.

हसण्याच्या बाबतीत मात्र नव्या माध्यमाने जुन्या प्रश्नाची धार वाढवली. स्टीव्हन कोल्बेअर हा विनोदी कलाकार २००५ ते २०१४ या काळात टीव्हीवर एका कडव्या उजव्या निवेदकाचे सोंग आणत असे. सोंग उघड होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३३२ जणांना त्याची चित्रफीत दाखवली. डावे-उजवे दोघेही सारखेच हसले. पण उजव्या विचारांच्या प्रेक्षकांचा कल असा दिसला की हा माणूस विनोदाचे फक्त नाटक करतो, मनातून त्याला हे खरेच म्हणायचे आहे. विडमार आणि रोकीच यांच्यानंतर पस्तीस वर्षांनी तेच उत्तर.

याचे कारण मला विनोदाच्या बांधणीत दिसते. आर्चीचा संवाद असा चाले: आर्ची काहीतरी भयंकर बोलतो, लोक हसतात. मग ईडिथ आपल्या भोळेपणाने असे काही उत्तर देते की आर्चीच उघडा पडतो आणि लोक पुन्हा हसतात, जास्त मोठ्याने. पहिले हसू आर्चीबरोबरचे असू शकते. दुसरे त्याच्यावरचे असते. लिअरची सगळी नैतिकता त्या दुसऱ्या हशात होती. मालिका बराच काळ खऱ्या प्रेक्षकांसमोर चित्रित होत असे, त्यामुळे दोन्ही हशे टेपवर एकामागोमाग येतात आणि ऐकणाऱ्याला दोन्ही ऐकावेच लागतात.

मोबाईलवर फिरणाऱ्या वीस सेकंदांच्या तुकड्यात दुसरे हसू मावत नाही. कोणी मुद्दाम कापतोच असे नाही. आर्चीचे वाक्य टाळीचे असते, ईडिथचे उत्तर समजायला आधीचा प्रसंग ठाऊक असावा लागतो, म्हणून तुकडा आर्चीच्या वाक्याशी संपतो. मग तो अशा हातांत जातो ज्यांनी मालिका पाहिलेलीच नाही. ज्या तुकड्यावर माणसे थांबतात त्यासारखेच आणखी तुकडे पुढे करायचे, हा या यंत्रणेचा धंदा, त्यामुळे ज्याला आर्ची पटतो त्याला ईडिथ भेटतच नाही. आणि माइकच्या बाजूच्यांना फक्त मूर्ख आर्ची दिसतो, संध्याकाळी थकून खुर्चीत बसलेला, नोकरी जाईल म्हणून धास्तावलेला आर्ची दिसत नाही. निक्सनना दिसलेली मालिका आणि हॉब्सनला दिसलेली मालिका आता खरोखरच दोन वेगळ्या मालिका झाल्या आहेत.

बंकरांच्या घरात हे शक्य नव्हते. टीव्ही एक, बैठकीची खोली एक, भाडे द्यायला जावयाकडे पैसे नाहीत. आर्ची ओरडायचा, माइक ओरडायचा, आणि ईडिथने जेवायला बोलावले की दोघांनाही उठून त्याच टेबलाशी यावे लागायचे. जावयाला ग्रुपमधून काढून टाकायची सोय आर्चीकडे नव्हती. असती तर त्याने पहिल्याच भागात वापरली असती आणि मालिका तिथेच संपली असती.

मालिका १९७९ मध्ये थांबली. आर्ची आणि ईडिथ यांच्या खुर्च्या त्याआधीच, १९७८ मध्ये, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात पोचल्या होत्या. लिअरला मात्र ते घर सोडवेना. १९९४ मध्ये त्याने ‘७०४ हाउझर’ नावाची नवी मालिका काढली. घर तेच, दार तेच, राहायला आलेले कुटुंब मात्र काळे. बाप उदारमतवादी आणि मुलगा कट्टर उजवा, त्यात त्याची मैत्रीण गोरी आणि ज्यू. बाजू अगदी उलट्या करून लिअर पुन्हा तोच डाव मांडून बसला होता. सहा भाग तयार झाले. पाच दाखवले आणि वाहिनीने मालिका बंद केली. या वेळी कोणाच्याच नावाचे बिल्ले निघाले नाहीत.